बेकारी भत्ता, रोजगार हमी योजनेतील (नांदेड व लातूर जिल्हे)

मागणी करूनही विहित मुदतीत काम न मिळालेल्या ग्रामीण मजुरास शासनाने द्यावयाची रोख रक्कम. बेकारी विम्याचा निधी मुख्यत्वे कामगार व मालक यांच्या वर्गणीतून उभा राहतो. ब्रिटनच्या १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने ही पद्धत काही उद्योगांत सक्तीची केली. कायम मालक नसलेल्या शेतमजुरास ती लागू पडत नाही. महाराष्ट्राने त्याच्यासाठी कामाच्या हमीचा मार्ग स्वीकारला. भत्ता हा त्या हमीचा जणू जामीन होय.

वि. स. पागे यांच्या कल्पनेवर आधारलेली ही योजना १९७२ मध्ये राज्यभर सुरू झाली. १९७७ चा रोजगार हमी अधिनियम २६ जानेवारी १९७९ रोजी अंमलात आला. पंधरा दिवसांत काम न दिल्यास दररोज किमान एक रुपया भत्ता देण्याची तरतूद त्यात होती. खर्चासाठी व्यवसाय कर व तितकीच शासकीय रक्कम यांचा निधी उभारण्यात आला.

नांदेड व लातूर (१९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्याचा भाग) येथील कोरडवाहू भागांत या तरतुदीतील उणिवा विशेष जाणवल्या. नवे काम काढण्यास किमान पन्नास मजूर लागत. मुखेड, कंधार, अहमदपूर, जळकोट या डोंगराळ भागांतील विखुरलेल्या वाड्या-तांड्यांना ती अट जाचक होती. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीस जाणारी कुटुंबे मुकादमाकडून आगाऊ उचल घेत. हाती आलेली उचल सोडून एक रुपयाच्या आशेवर पंधरा दिवस थांबणे त्यांना परवडणारे नव्हते.

मूळ दोष मात्र नोंदीचा होता. मागणीअर्जाची दिनांकित पोच हाच भत्त्याचा आधार. आणि ज्या यंत्रणेवर भत्त्याचे दायित्व येई, तिनेच ती पोच द्यावयाची होती. अर्ज न स्वीकारणे वा पोच टाळणे एवढ्यानेच हक्क निष्फळ होई. परिणामी राज्यभर भत्ता क्वचितच दिला गेला. गैरवापराचा बोभाटा झाला तो हजेरीपटावरील खोटी नावे आणि कामाची फुगवलेली मोजमापे यांचा. त्याचा लाभ बहुधा मध्यस्थांना मिळे, बदनामी मात्र मजुरांची होई.

केंद्राच्या २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी अधिनियमाने दिनांकित पोच बंधनकारक केली. भत्ता पहिले तीस दिवस मजुरीच्या किमान एक-चतुर्थांश व पुढे किमान निम्मा ठरला. २००६ मधील पहिल्या दोनशे जिल्ह्यांत नांदेडचा समावेश होता. एप्रिल २००८ पर्यंत लातूरसह देशातील सर्व ग्रामीण जिल्हे त्याच्या कक्षेत आले. अकुशल कामाची मजुरी केंद्राने व भत्ता राज्याने द्यावा, अशी विभागणी होती. राज्यांनी तत्परतेने काम पुरवावे, हा तिचा हेतू. प्रत्यक्षात मागणीची नोंदच टाळण्याचे ते एक कारण ठरले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याऐवजी १२५ दिवसांच्या हमीचा नवा अधिनियम संमत केला. नोंद ठेवणारा आणि देणेकरी एकच असेल, तर भत्त्याचा दर वाढवूनही हक्क कागदावरच राहतो, हे या चार दशकांहून अधिक काळाच्या अनुभवाचे सार होय.