रक्ताचे नाते, विवाहाचा पुरावा आणि बडोद्याची गादी #थ्रेड

मनमाडहून मालेगावकडे निघाले की ज्या टापूत आपण शिरतो, त्यातच कवळाणे हे लहानसे गाव आहे. १८७५ साली येथील बारा वर्षांचा एक शेतकऱ्याचा मुलगा बडोद्याचा महाराज झाला. गोपाळराव काशीराव गायकवाड, म्हणजेच तिसरे सयाजीराव.

त्याची पूर्वपीठिका पाहण्यासारखी आहे. नोव्हेंबर १८७० मध्ये खंडेराव महाराज वारले, तेव्हा जमनाबाईसाहेब गरोदर होत्या. पुत्र झाला असता तर गादी त्याची. कन्या झाली, आणि खंडेरावांचे बंधू मल्हारराव गादीवर कायम झाले.

१८७४ मध्ये मल्हाररावांनी लक्ष्मीबाईंशी विवाह केला; त्यांना पुत्रही झाला. परंतु लक्ष्मीबाई आधीच विवाहित असल्याची तक्रार होती, आणि रेसिडेंट कर्नल फेअर यांनी या विवाहास मान्यता दिली नाही. पुढे एप्रिल १८७५ मध्ये इंग्रजांनी मल्हाररावांना पदच्युत केले व त्यांच्या संततीचाही हक्क काढून घेतला. 

मग शोध लागला कवळाण्याच्या शाखेचा. पिलाजीरावांचे पुत्र प्रतापराव, आणि त्यांच्यापासून काशीरावांपर्यंत उतरत आलेली वंशावळ. २७ मे १८७५ रोजी जमनाबाईंनी गोपाळरावांना दत्तक घेतले.

आज असा वाद उद्भवला तर? १९८४ मध्ये लेस्टर येथे अॅलेक जेफ्रीज यांना डीएनए ठशांचे तंत्र गवसले. वाय गुणसूत्र पित्याकडून पुत्राकडे जवळजवळ जसेच्या तसे जाते. त्यामुळे कवळाण्याची शाखा पिलाजीरावांच्या पुरुषवंशातील आहे काय, हे बडोद्याच्या शाखेशी ताडून पाहता आले असते. मात्र लक्ष्मीबाईंच्या मुलाच्या बाबतीत आक्षेप रक्तापेक्षा विवाहावर होता. विवाह वैध होता की नव्हता, हे कोणतेही गुणसूत्र सांगत नाही.

ब्रिटिश हिंदुस्थानच्या १८७२ च्या पुरावा कायद्यातील कलम ११२ याच विवाहाला धरून चाले. वैध विवाह टिकून असताना, किंवा तो संपल्यावर माता अविवाहित असता २८० दिवसांत जन्मलेले मूल औरस. त्या काळात पतिपत्नींचा संबंधच शक्य नव्हता, हे सिद्ध झाल्यासच अपवाद.

२०१४ मध्ये महाराष्ट्रातील पोटगीच्या एका खटल्यात नागपूर व हैदराबाद येथील दोन्ही चाचण्यांनी पतीचे पितृत्व नाकारले. सर्वोच्च न्यायालयाने तेथे विज्ञानाच्या पुराव्यास कायद्याच्या गृहीतकाहून वरचढ मानले. २०२३ मध्ये पुण्यातून आलेल्या घटस्फोटाच्या एका प्रकरणात मात्र त्याच न्यायालयाने मुलाची चाचणी करण्यास नकार दिला: पत्नीवरील व्यभिचाराच्या आरोपासाठी दाव्यात पक्षकारही नसलेल्या बालकाचे औरसत्व पणाला लावता येणार नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम ११६ या क्रमांकाने आले आहे. २८० दिवस तेच आहेत. डीएनएचा उल्लेख त्यात नाही.