चानो पोसो आणि मुखोद्गत विद्या

क्यूबाच्या हवाना शहरातील दरिद्री वस्तीत १९१५ साली जन्मलेला गायक व ढोलवादक चानो पोसो स्वरलिपी जाणत नव्हता. तथापि त्यास अशिक्षित म्हणण्यास आमचे मन धजत नाही. आफ्रिकेतून दास म्हणून आणलेल्यांच्या वंशजांनी आबाकुआ बंधुसंघांत व लुकुमी देवोपासनेत जी मुखोद्गत विद्या राखिली, तीच त्याची पाठशाळा. तेथे ढोल ही निव्वळ करमणूक नव्हे. ती आवाहनाची वाणी होय.

१९४७ साली न्यूयॉर्कमध्ये मारिओ बाउसा या क्यूबन वादकाने त्याची गाठ जाझचा प्रख्यात ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी याच्याशी घालून दिली. ‘मांतेका’ ही रचना सिद्ध होत असता चानोने वाद्यांचे भाग तोंडाने गाऊन सांगितले. मधला भाग गिलेस्पीने रचिला. ‘क्यूबाना बी, क्यूबाना बॉप’ या रचनेत तर उपासनेच्या परंपरेतील गानच जाझच्या वाद्यवृंदात उमटले. दोन्ही त्याच डिसेंबरात ध्वनिमुद्रित झाल्या.

२ डिसेंबर १९४८ रोजी हार्लेममध्ये गोळी लागून त्याचा अंत झाला. वय अवघे ३३. परंतु कोंगा ढोल जाझमध्ये कायमचा रुजला. कागदावर न उतरलेली विद्या दुर्बळ मानणाऱ्यांनी हे चरित्र अवश्य पाहावे. मात्र अशी विद्या एका देहाबरोबर लोपू नये, यासाठी ती वेळीच दुसऱ्याच्या हाती द्यावी लागते, हा बोधही आम्ही त्यातूनच घेतो.