डावा पाय आणि बोरघाटाचा उतार

लोणावळ्याच्या उत्तर अंगाला असलेले तुंगार्ली बोरघाटाच्या माथ्याजवळ वसले असल्याने, मुंबईकडे निघालेल्या वाहनाच्या ब्रेकची खरी कसोटी तेथून थोड्याच अंतरावर सुरू होते. या घाटातून गाडीरस्ता १८३० मध्ये, सर जॉन माल्कम गव्हर्नर असताना खुला झाला. जेम्स बर्कली यांनी आखलेला ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग १८६३ मध्ये पुरा झाला, तेव्हा त्यावरील सर्वांत तीव्र उतार ३७ फुटांत १ फूट होता. अशा उतारावर नुसत्या ब्रेकवर भिस्त ठेवणे धोक्याचे असल्याने रेल्वेने कॅच सायडिंग, म्हणजे मुख्य मार्गापासून फुटून चढावर जाणारी व पुढे बंद होणारी रुळवाट बांधली. तिचा सांधा एरवी त्या वाटेकडेच लावलेला असे आणि उतरती गाडी ठरल्या जागी थांबून ताब्यात असल्याची खात्री पटल्यावरच तो मुख्य रुळाकडे फिरवला जाई. वेग आधी आवरावा, मग उतरावे, ही घाटाची शिस्त येथे लोखंडात घातलेली दिसते.

मोटारी आल्या तेव्हा हीच शिस्त चालकाच्या पायांत उतरली. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये तो उतरायचा, हा जुन्या चालकांचा नियम इंजिन-ब्रेकिंगवर, म्हणजे खालच्या गिअरमध्ये इंजिनच चाकांना रोखून धरते या गुणावर आधारलेला होता, आणि त्या व्यवस्थेत उजवा पाय ॲक्सिलरेटर व ब्रेक सांभाळी, तर डावा पाय क्लचकडे राही. पेट्रोल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणाऱ्याचे लायनर तापत, ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होत आणि पेडल मऊ पडून तळाला जाई.

डाव्या पायाने ब्रेक लावण्याची कला मात्र उत्तर युरोपातील बर्फाळ व खडीच्या रॅलीमार्गांवर रुजली. तेथील साब मोटारींचे टू-स्ट्रोक इंजिन, फ्रीव्हील यंत्रणेमुळे, ॲक्सिलरेटर सोडताच चाकांपासून सुटे होई, त्यामुळे इंजिन-ब्रेकिंग जवळजवळ मिळतच नसे. पुढच्या चाकांना इंजिनाची ताकद मिळणाऱ्या अशा गाडीत उजवा पाय ॲक्सिलरेटरवर ठेवून डाव्याने ब्रेक हलकेच दाबला, की भार पुढे सरकून पुढची चाके जमीन पकडतात, मागची हलकी होऊन किंचित घसरतात आणि गाडीचे तोंड वळणात आत येते. १९६५ आणि १९६७ च्या मॉन्टे कार्लो रॅली मिनी कूपरमधून जिंकणारे टिमो मॅकिनेन आणि राउनो आल्टोनेन हे फिनिश चालक या तंत्राचे नामांकित जाणकार होते. बोरघाटाच्या वर्दळीच्या रस्त्यावर असे मागचे अंग घसरवणे म्हणजे शुद्ध वेडेपणा ठरेल, हे सांगायला नकोच.

भारतात १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० मुळे पुढच्या चाकांवर चालणारी गाडी घरोघरी पोहोचली, तरी डावा पाय क्लचपासून सुटला नाही. तो सुटला २०१४ नंतर, जेव्हा मारुतीच्याच सेलेरिओ या मोटारीपासून स्वस्त स्वयंचलित गिअर, म्हणजे एएमटी, सामान्य मोटारींत आला आणि पायाशी दोनच पेडल उरली. मोकळा झालेला हा पाय आयुष्यभर क्लच तळापर्यंत दाबायला शिकलेला असल्याने, ब्रेकवर गेला की तेवढ्याच जोराने पडतो आणि मागच्या गाडीला धडकेचे निमंत्रण देतो. पार्किंगमध्ये हळू सरकताना सराव झालेल्याला त्याचा उपयोग होतो, हे खरे. परंतु तोच पाय ब्रेकवर टेकलेला राहिला तर पॅड सतत घासत राहतात, मागचे दिवे विझत नाहीत आणि गाडी खरोखर थांबते आहे की नाही हे मागच्याला कळत नाही. म्हणूनच दोन पेडलांच्या गाडीतही दोन्ही कामे उजव्या पायाकडे ठेवण्याची शिकवण दिली जाते, तर काही गाड्यांत दोन्ही पेडल एकत्र दाबली गेल्यास संगणक इंजिनाची ताकदच तोडतो.

द्रुतगती मार्गाने तुंगार्लीजवळून मुंबईकडे निघालेल्या स्वयंचलित गाडीच्या चालकाने उतार लागण्यापूर्वी गिअरचा दांडा ‘डी’वरून मॅन्युअलवर किंवा ‘एल’वर घ्यावा आणि डावा पाय बाजूच्या फूटरेस्टवर ठेवावा.