सांध्यावरचा आवाज

नागपूर आकाशवाणी १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाली आणि विदर्भाला स्वतःचे नभोवाणी केंद्र मिळाले. श्रोत्याला एका टोकाचा गायक आणि दुसऱ्या टोकाचा आपला रेडिओसंच एवढेच ठाऊक असते. आवाज चांगला की वाईट हे मात्र बहुतेक वेळा मधल्या सांध्यांवर ठरते: मायक्रोफोन ते ॲम्प्लिफायर, नियंत्रणकक्ष ते लाइन, लाइन ते प्रक्षेपक. हे सांधे कसे जुळवायचे, याचे नियम टेलिफोनच्या अभियंत्यांनी घालून दिले होते. लाइन ६०० ओहमची, तिच्यावरची प्रमाण पातळी एक मिलिवॉट, म्हणजे ०.७७५ व्होल्ट, आणि दोन मंडलांमध्ये ट्रान्सफॉर्मर. ट्रान्सफॉर्मरमधून आवाज पलीकडे जातो, पण एका यंत्राची जमीन (अर्थ) दुसऱ्याच्या जमिनीला जोडली जात नाही. आज संगणकावरून संदेश पाठवण्यासाठी हौशी रेडिओ त्याला जोडल्यावर आवाज बिघडला, तर दोष बहुधा यंत्रांत नसून या जुन्या नियमांच्या विस्मरणात असतो, असे माझे मत आहे.

हे विस्मरण झाले कसे? सुरुवातीला हौशी मंडळींना संगणक आणि रेडिओ यांच्यामध्ये वेगळा मोडेम लावावा लागे, त्यामुळे सांध्याचा विचार टाळता येत नसे. १९९८ साली ब्रिटिश हौशी पीटर मार्टिनेझ यांची टंकलेला मजकूर रेडिओवरून पाठवण्याची पीएसके-३१ पद्धत आली. लवकरच मोडेमचे काम घरगुती साऊंड कार्ड करू लागले आणि एका साध्या केबलने भागते असे वाटू लागले. पण साऊंड कार्डच्या लाइन आउटमधून व्होल्टच्या घरातला संकेत निघतो, तर रेडिओच्या माइक इनपुटला काही मिलिव्होल्ट पुरतात. हा सुमारे शंभरपटीचा फरक रोधकांनी कमी केला नाही, तर आवाज फाटतो. फाटलेल्या ८०० हर्ट्झच्या स्वराबरोबर १६०० आणि २४०० हर्ट्झचे स्वरही प्रक्षेपित होतात. शिवाय ट्रान्सफॉर्मर नसल्याने संगणक आणि रेडिओ यांच्या जमिनी केबलच्या आवरणातून जोडल्या जातात, आणि वीजपुरवठ्याची ५० हर्ट्झची घरघर आत शिरते.

यावर नेहमीचा आक्षेप असा की दोष अर्थिंगचा आहे, ते सुधारा. नागपुरात तो पटण्याजोगा वाटतो, कारण इथली काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळते आणि जमिनीचा रोध वाढतो. विजेच्या धक्क्यापासून आणि पावसाळी विजांपासून बचावासाठी उत्तम अर्थिंग हवेच, त्यात तडजोड नको. पण घरघर होते ती दोन यंत्रांच्या जमिनींमध्ये विभवांतर असल्यामुळे आणि त्या केबलने जोडल्या गेल्यामुळे. खड्डा कितीही खोल खणला, तरी जमिनी आणि केबल यांचे हे वेटोळे तुटत नाही. ते ट्रान्सफॉर्मरने तुटते. खूण सोपी आहे: लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवताच घरघर थांबली, तर तिची वाट चार्जरमधून होती. घरघर फक्त प्रक्षेपण करतानाच येत असेल, तर बहुधा रेडिओलहरी केबलमध्ये शिरत आहेत, आणि तिथे केबलवर फेराइटचे कडे चढवणे हा पहिला उपाय. अशा लहरी बाहेरूनही शिरू शकतात. १८ मे १९८८ पासून आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी नागपूरहून १५६६ किलोहर्ट्झवर, १००० किलोवॉट शक्तीने रात्री देशभर ऐकू जात असे. एवढ्या बलाढ्य प्रक्षेपकाच्या परिसरात आवरण नसलेली साधी ध्वनितारही अँटेना बनू शकते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आजच्या रेडिओत साऊंड कार्ड आतच असते, एक यूएसबी केबल पुरते. आणि २०१७ साली आलेली एफटी-८ पद्धत गोंगाटात बुडालेला संकेतही उलगडते. मग आवाजाच्या शुद्धतेची एवढी काळजी कशाला? पण यूएसबी केबलही दोन्ही यंत्रांच्या जमिनी जोडते आणि ध्वनिपातळी अजूनही माणसालाच ठरवावी लागते. एफटी-८ चा संकेत अवघा ५० हर्ट्झ रुंद असतो, म्हणून एकाच पट्ट्यात अनेक जण शेजारीशेजारी मावतात. पातळी मर्यादेबाहेर गेली आणि घरघर मिसळली, की मूळ संकेताच्या दोन्ही बाजूंना ५० आणि १०० हर्ट्झवर त्याच्या सावल्या उमटतात आणि दुसऱ्यांच्या जागेत घुसतात. आपला संदेश पोहोचला म्हणून आपले प्रक्षेपण निर्दोष ठरत नाही. पद्धत जितकी सहनशील, तितका पाठवणाऱ्याला आपला दोष उशिरा कळतो. १९९३ च्या किल्लारी भूकंपात हौशी रेडिओचालकांनी संपर्काचे काम केले. अशा प्रसंगी एकाच्या फाटक्या संकेताने शेजारचा क्षीण संदेश दडपला गेला, तर त्याची किंमत तिसराच माणूस मोजतो.

म्हणून हौशी रेडिओच्या परवान्याची तयारी करणाऱ्यांना मोर्स आणि नियम यांच्या बरोबरीने नियंत्रणकक्षाची शिस्तही शिकवली पाहिजे: एक ठरावीक स्वर सोडायचा, साखळीतील प्रत्येक सांध्यावर तो मोजायचा, जिथे बिघडला तिथेच थांबायचे, आणि रेडिओचे स्वयंचलित पातळीनियंत्रण जेमतेम हलू लागेल तिथून मागे यायचे. यासाठी महागडे यंत्र लागत नाही. एक छोटा ट्रान्सफॉर्मर, दोन रोधक आणि धीर पुरतो. हवेतला पट्टा सर्वांच्या मालकीचा आहे आणि त्यात स्वच्छ आवाज सोडणे ही परवान्याबरोबर येणारी जबाबदारी आहे.