घार: वाडीच्या आभाळातली सफाई कामगार

घार हा मुख्यतः मेलेलं आणि टाकून दिलेलं खाऊन जगणारा शिकारी पक्षी. बडोद्याच्या जुन्या शहरातल्या वाडीत, जिथे गायकवाडी काळापासून मराठी घरं आहेत, गच्चीवर जाऊन मान वर केली की ती दिसतेच. गुजराती शेजारी तिला समडी म्हणतात, बेळगावकडे कानडीत हद्दू.

ओळखायची कशी?

शेपटीकडे बघायचं. गडद तपकिरी अंग आणि मधे खाच असलेली शेपटी दिसली की ती घार. उडताना ही शेपटी ती सुकाणूसारखी वळवते. पसरलेले पंख टोकापासून टोकापर्यंत दीड मीटरच्या आसपास भरतात, वजन मात्र जेमतेम पाऊण किलो. म्हणूनच तापलेल्या हवेच्या झोतावर ती पंख न हलवता तासन् तास तरंगते. डोकं पांढरं आणि अंग तांबूस असेल तर ती ब्राह्मणी घार. ती तळी आणि खाड्यांच्या आसपास जास्त दिसते.

आपल्याकडच्या घारीच्या उपजातीचं शास्त्रीय नाव मिल्व्हस मायग्रन्स गोविंदा. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या पक्ष्यांची यादी केली, त्यात १८३२ साली हे ‘गोविंदा’ नाव आलं.

खाते काय?

मटण आणि मासळी बाजारातली आतडी, उकिरड्यावरचं उष्टं, रस्त्यावर चिरडलेला उंदीर, सरडे, बेडूक. पहिल्या पावसानंतर वाळवीचे पंखवाले किडे उडतात, ते ती हवेतच पायाने पकडून खाते. मेलेल्या म्हशीचं कातडं फाडणं मात्र तिच्या चोचीला झेपत नाही. ते काम गिधाडांचं.

गिधाडं गेली, पुढे काय झालं?

जनावरांना वेदनाशामक म्हणून दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्क्यांनी घटली. जनावरांसाठी या औषधावर २००६ मध्ये बंदी आली, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. गुजरातच्या गणनेत २००५ मध्ये २,६४७ गिधाडं होती, २०१८ मध्ये ८२० उरली.

याची किंमत माणसांनीही मोजली. उघड्यावर मढी कुजली, पाणी दूषित झालं, भटकी कुत्री आणि रेबीजचा धोका वाढला. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासाचा अंदाज असा, की २००० ते २००५ या काळात भारतात यामुळे सुमारे ५ लाख जादा माणसं मेली.

अमेरिका खंडातही असंच एक उदाहरण आहे. तिथे घारीसारखंच मेलेलं खाणारा कॅराकॅरा नावाचा पक्षी आहे. दिसायला गरुडासारखा, पण कूळ ससाण्याचं. लांब पायांनी तो जमिनीवर कोंबडीसारखा चालतो. मेक्सिकोच्या ग्वादालूपे बेटावरचा कॅराकॅरा शेळ्यांची करडं मारतो म्हणून लोकांनी गोळ्या घालून, विष देऊन संपवला. १९०० च्या सुमारास तो कायमचा नाहीसा झाला.

उत्तरायण आणि घरटं

घारीचा विणीचा हंगाम हिवाळ्यात सुरू होतो. वड, पिंपळ, आंबा नाहीतर एखादा टॉवर गाठून ती काटक्या, तारा, चिंध्या यांचं घरटं बांधते. दोन-तीन अंडी घालते, ती महिनाभर उबवावी लागतात. मादी बहुतेक वेळ घरट्यात, नर खाणं आणणार. नेमक्या याच दिवसांत, १४ आणि १५ जानेवारीला, उत्तरायण आणि वासी उत्तरायणाला बडोद्याचं आभाळ पतंगांनी भरतं. काच लावलेला मांजा उडत्या पक्ष्याला दिसत नाही, पंखाचे स्नायू आणि शिरा कापल्या जातात. एक नर पडला की घरट्यातली मादी आणि पिल्लंही उपाशी राहतात. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने ११ जुलै २०१७ रोजी देशभर बंदी घातली. पण झाडांत अडकलेला मांजा सण संपल्यावरही महिनोन्महिने पक्षी अडकवत राहतो.

जखमी घार सापडली तर

• दोरा ओढायचा नाही. अडकलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंनी कापायचा, जखमेत रुतलेला तुकडा डॉक्टरांवर सोडायचा.
• पाणी किंवा खाणं तोंडात घालायचं नाही, श्वासनलिकेत जातं.
• अंगावर जाड कापड टाकून पंख मिटवून धरायची. चोचीपेक्षा नख्या सांभाळायच्या.
• भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत जागी ठेवायची.
• गुजरातेत १९६२ या क्रमांकावर फोन करायचा. २०१७ पासून दर जानेवारीत करुणा अभियानाची उपचार केंद्रंही चालतात. इतर राज्यांत वनविभागाला कळवायचं.
• बरी होईपर्यंत घरी ठेवू, असं म्हणायचं नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार घार पाळणं गुन्हा आहे.

पतंग उडवायचाच तर साध्या सुती दोऱ्याने, आणि पक्षी ये-जा करतात ती सकाळ-संध्याकाळची वेळ सोडून. सण झाला की गच्चीवरचा आणि झाडावरचा मांजा गोळा करून गुंडाळून टाकावा. पुढचे दोन-तीन महिने घारीची पिल्लं घरट्यातच असतात.