मोटारगाडी निगा उत्पादने

मोटारगाडी निगा उत्पादने म्हणजे मोटारगाडीचा रंग, काचा, चाके, टायर आणि अंतर्भाग स्वच्छ करण्यासाठी व टिकवण्यासाठी दुकानांत मिळणारी द्रवे, लेप, मेण, कापड आणि तत्सम साधने होत. व्यावसायिक केंद्रांत यंत्रांच्या साहाय्याने केल्या जाणाऱ्या सखोल कामास व्यवहारात ‘कार डिटेलिंग’ म्हणतात. त्यातील सोपा भाग गाडीमालक घरच्या घरी करू शकतो. नवशिक्याच्या दृष्टीने या उत्पादनांची निवड मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून असते. गाडीवर बसणारा मळ कोणत्या प्रकारचा आहे, ही पहिली गोष्ट आणि निवडलेले उत्पादन रंगाच्या वरच्या थरातून काही काढून घेते की त्यावर काही चढवते, ही दुसरी.

प्रस्तुत लेखात या उत्पादनांचा विचार प्रामुख्याने नवी मुंबई परिसरातील परिस्थितीच्या अनुषंगाने केला आहे.

## पार्श्वभूमी

गाडीच्या रंगाची निगा राखण्याची कल्पना लाकडी सामानाच्या निगेतून आली. अमेरिकेतील मॅग्वायर्स या कंपनीचा आरंभ १९०१ साली फर्निचरच्या पॉलिशपासून झाला. पुढे गाड्यांसाठीचे मेण व पॉलिश हा स्वतंत्र व्यवसाय बनला.

मुंबई परिसरात कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार होणाऱ्या फियाट व पुढे प्रीमियर पद्मिनी या गाड्या अनेक वर्षे मध्यमवर्गीय कुटुंबांच्या परिचयाच्या होत्या. त्या काळातील गाड्यांचा रंग सर्वसाधारणपणे एकाच प्रकारच्या थराचा असे आणि उन्हाने तो फिका पडे. त्यामुळे डब्यातील मेण लावून पिवळ्या फडक्याने गाडी घासणे हे निगेचे रूढ काम होते. फिका पडलेला थर घासून काढला की खालचा ताजा रंग उघडा पडत असे. घासल्याने गाडी चमकते, हा समज त्या काळी बऱ्याच अंशी खरा होता. आधुनिक गाड्यांच्या बाबतीत मात्र तोच समज हानिकारक ठरतो.

## रंगाच्या थरांची रचना

आजच्या गाडीच्या पत्र्यावर गंजरोधक लेप, प्रायमर, रंगाचा थर आणि सर्वांत वर पारदर्शक थर (क्लिअर कोट) असतो. पारदर्शक थराची जाडी साधारणतः ३५ ते ५० मायक्रॉन असते. एक मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटरचा हजारावा भाग होय. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाडीचा असतो. म्हणजे गाडीची चकाकी केसाहून पातळ थरावर अवलंबून असते.

हा थर सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांपासून रंगाचे रक्षण करतो. तो झिजल्यास पुन्हा वाढत नाही. कोणत्याही बाटलीतील द्रव त्याची जागा घेऊ शकत नाही. गाडीचा तो भाग पुन्हा रंगवून घेणे एवढाच उपाय उरतो. म्हणूनच उत्पादनाची निवड करताना ते किती चमक आणते यापेक्षा ते या थराला किती इजा करते, हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

## नवी मुंबईतील मळाचे स्वरूप

सिडकोने नियोजनपूर्वक वसवलेल्या या शहरातील गाड्यांवर निरनिराळ्या प्रकारचा मळ साचतो.

* धूळ: खारघर, उलवे, तळोजा यांसारख्या भागांतील बांधकामे, दगडखाणी आणि जड वाहनांची वर्दळ यांमुळे धूळ बसते. दगडाची भुकटी कठीण असते. ती कोरड्या फडक्याने पुसल्यास सँडपेपरप्रमाणे काम करते.
* खारट दमट हवा: ठाणे खाडीच्या सान्निध्यामुळे हवेत आर्द्रता व क्षार असतात. जेथे रंगाचा टवका उडाला आहे तेथे पत्रा लवकर गंजतो.
* पक्ष्यांची विष्ठा: कबुतरे व कावळे यांच्या विष्ठेत यूरिक आम्ल असते. उन्हात तापलेल्या रंगावर ती राहिल्यास कायमचा डाग पडू शकतो.
* झाडांचा चीक व फुले: रस्त्याकडेच्या झाडांखाली उभ्या केलेल्या गाडीवर चिकट थर बसतो.
* पाण्याचे डाग: कूपनलिकेच्या जड पाण्यात क्षार अधिक असतात. असे पाणी गाडीवरच वाळल्यास पांढरे ठिपके उरतात.
* पावसाळी चिखल: जून ते सप्टेंबर या काळात चाकांच्या कमानींत व गाडीच्या तळाशी चिखल साचतो, तर आत पायपुसण्यांना ओल येऊन कुबट वास सुटतो.

## उत्पादनांचे प्रकार

### कार शाम्पू

गाडीसाठीच्या शाम्पूचा सामू (पीएच) बहुधा ७ च्या आसपास, म्हणजे उदासीन असतो. त्याचा फेस व बुळबुळीतपणा धुळीचे कण पृष्ठभागावरून सरकवण्यास मदत करतो. कपडे धुण्याची पावडर तीव्र अल्कधर्मी असते आणि भांडी घासण्याचा द्रव तेलकटपणा काढण्यासाठी बनवलेला असतो. या दोहोंमुळे गाडीवर आधी लावलेले मेण निघून जाते. शाम्पूचे प्रमाण वेष्टनावर दिलेले असते. १:१०० असे लिहिले असल्यास १० लिटर पाण्यास १०० मिलिलिटर शाम्पू पुरतो. जास्त शाम्पू घातल्याने स्वच्छता वाढत नाही. फक्त धुण्यास पाणी अधिक लागते.

### मायक्रोफायबर कापड

हे कापड पॉलिएस्टर व पॉलिअमाइड यांच्या अतिसूक्ष्म तंतूंपासून विणतात. तंतूंच्या मधल्या जागेत धूळ अडकते, त्यामुळे ती रंगावर कमी घासली जाते. कापडाची घनता प्रति चौरस मीटर ग्रॅममध्ये (जीएसएम) सांगतात. काचेसाठी पातळ व आखूड लवीचे, तर अंग पुसण्यासाठी जाड व लांब लवीचे कापड सोयीचे असते. जमिनीवर पडलेले कापड धुतल्याशिवाय पुन्हा वापरू नये. चाकांचे कापड वेगळे ठेवावे. ही कापडे सुती कपड्यांपासून वेगळी धुवावीत; कपडे मऊ करणारा द्रव वापरल्यास त्यांची शोषकता कमी होते.

### पॉलिश आणि मेण

मराठी बोलण्यात ‘पॉलिश’ हा एकच शब्द दोन परस्परविरुद्ध वस्तूंसाठी वापरला जातो आणि नवशिक्यांच्या बहुतेक चुका येथूनच सुरू होतात.

* रबिंग कंपाउंड व पॉलिश यांमध्ये बारीक घर्षक कण असतात. ते पारदर्शक थराचा काही अंश घासून काढतात व त्यामुळे उथळ ओरखडे दिसेनासे होतात. ओरखडा भरून येत नाही, तर त्याच्या आजूबाजूचा भाग त्याच्या पातळीपर्यंत खाली आणला जातो.
* मेण (वॅक्स) व सीलंट हे थरावर आणखी एक संरक्षक पापुद्रा चढवतात. कार्नौबा मेण ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांपासून मिळते व ते काही आठवडे टिकते. कृत्रिम बहुवारिकांपासून बनवलेले सीलंट सामान्यतः त्याहून अधिक काळ टिकते.

‘वॅक्स पॉलिश’ किंवा ‘क्लीनर वॅक्स’ असे लिहिलेल्या काही उत्पादनांत दोन्ही घटक एकत्र असतात. अशा वेळी वेष्टनावरील ‘अब्रेसिव्ह’ वा ‘कटिंग’ या शब्दांकडे लक्ष द्यावे लागते. दर महिन्याला चमक यावी म्हणून कंपाउंड लावणारा मालक काही वर्षांत आपल्याच हाताने संरक्षक थर संपवत आणतो. मेण मात्र वारंवार लावल्यास सहसा नुकसान होत नाही.

### सिरॅमिक लेप

सिलिका आधारित हे लेप पाणी झटकून टाकतात व मेणापेक्षा बराच काळ टिकतात. तथापि लेप चढवण्यापूर्वी पृष्ठभाग निर्दोष करावा लागतो. अन्यथा आधीचे ओरखडे व डाग लेपाखाली तसेच राहतात. लेप असमान वाळल्यास तो काढण्यासाठी पुन्हा घासावे लागते. म्हणून बाटलीतील तीव्र लेप नवशिक्यासाठी योग्य मानला जात नाही. फवाऱ्याच्या रूपात मिळणारे सौम्य प्रकार वापरण्यास सोपे, परंतु कमी टिकाऊ असतात.

### क्ले बार

शाम्पूने न निघणारे रंगाचे तुषार, डांबराचे सूक्ष्म थेंब व लोहकण काढण्यासाठी वापरला जाणारा हा मातीसारखा मऊ गोळा होय. तो नेहमी ओलसर पृष्ठभागावर, भरपूर वंगण द्रवासह फिरवतात. खाली पडलेला गोळा टाकून द्यावा, कारण त्यात रुतलेले खडे रंगावर ओरखडे पाडतात. वर्षातून एकदा-दोनदा याचा वापर पुरेसा असतो.

### काच, टायर आणि चाके

अमोनियायुक्त काचद्रव काचेवरील फिल्मला अपायकारक ठरू शकतो. टायरला चमक देणारा द्रव केवळ बाजूच्या भिंतीस लावावा. तो रस्त्याला टेकणाऱ्या भागास किंवा ब्रेकच्या तबकडीस लागल्यास गाडी घसरण्याचा व ब्रेक नीट न लागण्याचा धोका असतो. चाकांसाठीचे काही द्रव तीव्र आम्लयुक्त असतात. ते हातमोज्यांशिवाय वापरू नयेत. घरगुती वापरास आम्लरहित द्रवच निवडावा.

### अंतर्भाग

सिलिकॉनयुक्त तकतकीत द्रवामुळे डॅशबोर्डचे प्रतिबिंब समोरच्या काचेत पडते व उन्हात चालकाच्या दृष्टीस अडथळा येतो. स्टीअरिंग व पेडल यांना असा द्रव कधीही लावू नये. पावसाळ्यातील कुबट वासावर सुगंधी द्रव्य हा उपाय नव्हे. पायपुसणी बाहेर काढून पूर्ण वाळवणे हाच उपाय होय.

## नवशिक्यासाठी प्राथमिक संच

आरंभी पुढील वस्तू पुरेशा ठरतात: उदासीन सामूचा शाम्पू, दोन बादल्या, धुण्यासाठी मायक्रोफायबरचा हातमोजा, चार ते सहा मायक्रोफायबर कापडे, अमोनियाविरहित काचद्रव आणि घर्षक नसलेले मेण किंवा फवारा सीलंट. कंपाउंड, पॉलिशचे यंत्र व सिरॅमिक लेप यांची खरेदी पुढे ढकलणे इष्ट. एका उत्पादनाचा परिणाम प्रथम दाराच्या खालच्या कडेसारख्या नजरेत न येणाऱ्या जागी तपासून पाहतात.

## वापराचा क्रम

गाडी सावलीत व पत्रा थंड असताना धुतात. प्रथम चाके धुवून मग साध्या पाण्याने सुटी धूळ वाहून जाऊ देतात. त्यानंतर छपरापासून खाली हातमोजा सरळ रेषेत फिरवतात. एका बादलीत शाम्पूचे, तर दुसरीत साधे पाणी असते. हातमोजा प्रत्येक वेळी दुसऱ्या बादलीत खंगाळून मगच पहिलीत बुडवतात. शेवटी पाणी वाळण्यापूर्वी गाडी टिपून घेतात आणि कोरड्या पृष्ठभागावर मेणाचा पातळ थर देतात. पक्ष्यांची विष्ठा खरवडून काढत नाहीत. ओले कापड काही मिनिटे त्यावर ठेवून ती मऊ झाल्यावर उचलतात.

## वेष्टनावरील माहिती

वैध मापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ नुसार वेष्टनावर उत्पादक, आवेष्टक किंवा आयातदाराचे नाव व पत्ता, निव्वळ परिमाण, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क यांची नोंद आवश्यक असते. सुट्या बाटल्यांतून विकल्या जाणाऱ्या नावाविना द्रवांचे घटक कळत नसल्याने ते टाळावेत. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा क्रमांक १९१५ हा आहे.

## प्रचलित गैरसमज

* पाण्यात रॉकेल मिसळून गाडी पुसणे: तात्पुरती चमक येते, परंतु तेलकट थरावर धूळ चिकटते व रबरी पट्ट्या खराब होतात.
* दिव्यांना टूथपेस्ट लावणे: तिच्यातील घर्षक कणांमुळे पिवळेपणा काही काळ कमी होतो, पण दिव्यावरील संरक्षक लेपही झिजतो व दिवा लवकर पुन्हा पिवळा पडतो.
* काच धुण्याच्या टाकीत साबणाची पावडर घालणे: पाण्याच्या बारीक तोट्या तुंबतात.

## पाणी, पर्यावरण आणि श्रम

नवी मुंबई महानगरपालिकेचा पाणीपुरवठा मुख्यतः खालापूरजवळील मोरबे धरणातून होतो. मिनिटाला १० लिटर पाणी देणारी नळी दहा मिनिटे सुरू राहिल्यास १०० लिटर पाणी खर्च होते, तर दोन-तीन बादल्यांत गाडी व्यवस्थित धुता येते. रस्त्यावर गाडी धुतलेले पाणी पावसाळी गटारांतून नाल्यांत व तेथून खाडीत जाते. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झाले व २०२२ मध्ये त्याचा समावेश रामसर स्थळांच्या यादीत झाला. त्यामुळे तीव्र आम्ले व तेलकट द्रव उघड्यावर वाहू देणे अयोग्य ठरते.

शहरातील गृहनिर्माण संस्थांत पहाटे गाड्या पुसण्याचे काम मासिक वेतनावर करणाऱ्या व्यक्ती असतात. वेळ व पाणी दोन्ही अपुरे असल्याने अनेकदा एकाच बादलीत व एकाच फडक्याने बऱ्याच गाड्या पुसल्या जातात आणि एका गाडीची रेती दुसऱ्या गाडीवर घासली जाते. रंगावर उन्हात दिसणारे कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे बहुधा अशा पुसण्यातून येतात. त्याचा दोष काम करणाऱ्यावर येतो, पण त्याच्या हाती दिलेली साधने हेच त्याचे मूळ कारण असते. मालकाने स्वतःची दोन मायक्रोफायबर कापडे व सौम्य शाम्पू पुरवणे आणि रोज कोरडे पुसण्याऐवजी आठवड्यातून एक-दोनदा पाण्याने धुण्यास सांगणे, हा कमी खर्चाचा उपाय आहे. त्यामुळे गाडीचा रंग टिकतो आणि धुणाऱ्याचे हातही तीव्र द्रवांपासून वाचतात.

## हे सुद्धा पहा

* मोटारगाडी
* मायक्रोफायबर
* मेण
* सामू
* मोरबे धरण
* ठाणे खाडी