नगरला आलेले ‘गरीब’

आज अहमदनगर (अहिल्यानगर) जिल्ह्यातली मुले नोकरीसाठी सौदी, दुबईला जातात. निजामशाहीत मात्र उलट होते. नोकरीसाठी परदेशातून लोक नगरला येत.

सोळाव्या शतकात इराणमधील अस्त्राबादचे (आजचे गुर्गान) विद्वान गुलाम अली हिंदूशाह असेच नगरला आले. काम शिक्षकाचे होते, शहजादा मीरान हुसेनला फारसी शिकवण्याचे. सोबत लहानगा मुलगा मोहम्मद कासिम होता. तो शहजाद्याबरोबरच शिकला आणि पुढे मुर्तझा निजामशहाच्या पहाऱ्याचा अधिकारी झाला. मीरानने बापाचे तख्त बळकावले, तेव्हा या जुन्या सोबत्याला मात्र जीवदान दिले. १५८९ मध्ये कासिम विजापूरला गेला. तिथे दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या आश्रयाने त्याने दख्खनचा इतिहास लिहिला. तोच इतिहासकार फरिश्ता.

दख्खनमध्ये अशा परदेशी मंडळींना ‘गरीब’ म्हणत, मग ते कितीही श्रीमंत असोत. अरबीत गरीब म्हणजे परका. त्या अर्थाने आखातात कमावणारा आपला मुलगाही गरीबच. तिथे त्याला माणुसकीने वागवावे, असे आपल्याला वाटते. मग परप्रांतातून आपल्या गावी पोटासाठी आलेल्या मजुराशी आपण कसे वागतो, हेही पाहायला हवे.